सोजरआत्याचं वर्तुळ

कासारवाडीच्या कस्तुराचा भाऊ खंडू १९७८ साली फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला. त्यानं जन्मात बिडी ओढली नव्हती. बाप ज्ञानदेव याच दुखण्यानं गेला, पण तो दिवसाला दोन कट्टे फुंकायचा, म्हणून तेव्हा कुणाला नवल वाटलं नव्हतं. आता मात्र कस्तुराला काही उमजेना.

खंडूवर उपचार झाले त्या पुण्याच्या इस्पितळातल्या डॉक्टर सुमनताई, एकाच घरात हा रोग पुन्हा पुन्हा होतो अशा घराण्यांचा अभ्यास करत होत्या. त्यांनी कस्तुराला विचारत कागदावर पुरुषांचे चौकोन, बायकांची वर्तुळं काढली आणि आजार झालेल्यांची काळी केली. बाप, खंडू आणि बापाची बहीण सोजरबाई. सोजरबाईचे जुने कागद इस्पितळातच सापडले होते.

"एका घरात तिघं! रक्तातून काही उतरतं का, तेच शोधतोय आम्ही," सुमनताई म्हणाल्या. "आणखी कोण गेलं, विचारून याल?"

कस्तुरा औषधाच्या कंपनीत बाटल्या तपासायची. रविवारी सुट्टी बघून ती पिंपळे गुरवला म्हाताऱ्या चुलतीकडे, तानुबाईकडे गेली. तानुबाई मेलेल्यांची नावं घेत गेली. कुणाला दमा, कुणाला नुसता खोकला. सोजरआत्याचं नाव निघताच तिनं दार लोटून घेतलं.

"सोजर आपल्या रक्ताची न्हाई, पोरी. पलेगात तिची आई मेली. तुज्या आज्यानं उचलून आनली. तुज्या बापालाबी ठावं न्हवतं. सासूनं मरताना मला येकलीला सांगितलं."

"आत्या आपली न्हवती?"

"आपलीच व्हती. म्हनून तर कुनाला बोलायचं न्हाई. तिची पोरं काय म्हनतील?"

पंधरा दिवस कस्तुराचं कामात लक्ष लागेना. सांगावं तर आत्या परकी होते, न सांगावं तर डॉक्टरीणबाईंचा कागद खोटा ठरतो. शेवटी, नावं कुठं छापणार नाही असं वचन घेऊन तिनं सांगून टाकलं.

सुमनताईंनी कागद पुढं ओढला. मग त्यांनी सोजरबाईच्या वर्तुळाला जोडणारी रेघ खोडली.

"मग रक्तातलं न्हाई ना हे?" कस्तुरानं विचारलं. तिला स्वतःची आणि दोन पोरांची काळजी होती.

"तसंही म्हणता येत नाही. बाप-लेक आहेतच. पण सोजरबाईही त्याच घरात वाढल्या. तोच चुलीचा धूर, घरातल्या बिड्यांचा तोच धूर. मला वाटलं होतं तितकं हे सोपं नाही."

"तुमालाच कळंना, तर मी काय समजू?"

"पोरांना बिडीला हात लावू देऊ नका. एवढं मात्र खात्रीनं सांगते."

कस्तुराचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. त्यानं तिला हायसं वाटलं, पण पुरतं नाही. १९८१ मध्ये सुमनताईंचं पत्र आलं. अशा आजारी माणसांच्या नातेवाइकांत हा रोग थोडा जास्त दिसतो, पण तो कशामुळं, ते अजून सांगता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. कस्तुरानं ते थोरल्या पोराकडून दोनदा वाचून घेतलं.

"म्हंजी व्हय का न्हाई?" तिनं विचारलं.

पोरानं पत्र तिसऱ्यांदा वाचायला घेतलं.