चारशे तेरा पाय

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर जिन्याखालच्या खोलीत त्या बिघडलेल्या डिस्कमधली माहिती परत काढून देऊ लागल्या. त्यांच्या मते कामात फारसा फरक नव्हता. दोन्हीकडे लोक चूक लपवतात आणि उत्तर मागतात.

मंगळवारी दुपारी बूटवाल्यांचा थोरला पोत्यात कॉम्प्युटर घालून आला. तो आणि धाकटा, दोघंही बाईंचेच विद्यार्थी. भावांचं दुकान एक, कॉम्प्युटरही एक. त्यात थोरल्याचं विंडोज आणि धाकट्याचं लिनक्स अशी दोन बिऱ्हाडं.

"काय केलंस?"

"काही नाही, बाई. आपोआप झालं."

"आपोआप काय झालं?"

थोरला खिडकीच्या गजांकडे बघू लागला. त्याला जागा अपुरी पडत होती. विंडोजला डिस्कवरचा धाकट्याचा भाग वाचता येत नाही, म्हणून तो रिकामा दिसला. त्यानं फॉरमॅट करून टाकला. आता कॉम्प्युटर सुरूच होईना, कारण सुरू होताना विंडोज की लिनक्स हे विचारणारी यादी धाकट्याच्याच भागात होती.

"म्हणजे स्वतःच्या घरालाही मुकलास," बाई म्हणाल्या.

"धाकटा सहाला येतो. त्याला कळू देऊ नका, बाई. बोलणं टाकेल."

"आत्ता बोलतो?"

"चहापुरतं."

धाकटा वाकड्या, आखूड, सुजलेल्या पायांसाठी बूट बनवतो. नऊ वर्षांतली सगळी मापं, दर पायाची एक फाइल, त्या भागात होती. दुसरीकडे कुठेही नव्हती.

बाईंनी आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. जे करायचं ते नकलेवर, हा त्यांचा नेम. अशा भागाच्या आराखड्याच्या प्रती आतच ठरावीक अंतरावर ठेवलेल्या असतात. पहिली पुसलेली निघाली. दुसरीही. तिसरी शाबूत होती; तिच्यावरून फाइली परत मिळाल्या. थोरला स्टुलावर पाठ करून बसला होता.

बाईंनी फाइली मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"चारशे तेरा. विषम आहे. एक पाय राहिलाय."

"एकानं काय बिघडतंय, बाई?"

"ज्याचा असेल त्याला विचार."

कुणाचा, ते एकट्या धाकट्याला ठाऊक. पावणेसहा वाजले होते. थोरल्यानं फोन लावला.

"ऐक ना. आपलं एका पायाचं गिऱ्हाईक आहे का कुणी?"



"गोदामावरचे आजोबा. नुसता उजवा." मग, "दादा, काय पुसलंस?"

थोरल्यानं बाईंकडे पाहिलं. त्या डिस्कवर चिकटवायची चिठ्ठी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझं सगळं," तो म्हणाला. "बाईंनी परत काढलंय."

"पाय किती?"

"चारशे तेरा."

"बरोबर आहे. तिथंच थांब. पोतं मी उचलतो, तुझी कंबर धरते."