साडेतीनशेचा आकडा

सासूबाईंची फुप्फुसं चुलीच्या धुरानं कामातून गेली होती. जालन्याच्या डॉक्टरांनी त्यांना प्लास्टिकची एक नळी दिली. रोज सकाळी तिच्यात जोरात फुंकायचं, काटा कुठवर गेला ते बघायचं आणि आकडा फोनवर कळवायचा. केदारखेड्यात बसून जालन्याचा इलाज! आमचं घर एकदम पुढारलं.

एरवी सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आता माझं काही खरं न्हाई." पण डॉक्टरांना फोन लागला, की काटा दीडशेवर असला तरी म्हणायच्या, "साडेतीनशे, डॉक्टरसाहेब. बिलकुल बरी हाय." खरं सांगितलं तर ते दवाखान्यात भरती करतील आणि मंग स्वयंपाकघर माझ्या हातात जाईल, ही त्यांची धास्ती. जीव गेला तरी बेहत्तर, तिखटमिठाचा डबा सुनेला मिळता कामा नये.

एक दिवस माझं डोकंच फिरलं. मी रिसीव्हर हिसकावून घेतला. "डॉक्टर, त्या खोटं सांगतात. काटा दीडशेवर हाय."

मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "आकडा मी लिहीतच नाही. तेवढं सांगताना त्या श्वासासाठी किती वेळा थांबतात, ते लिहितो. द्या त्यांना फोन. बोलू द्या खोटं."

मी फोन परत दिला. सासूबाईंनी साडेतीनशे सांगितले. इतकी वर्षं एका घरात राहून मी पहिल्यांदाच मोजलं. त्या चारदा थांबल्या.