पेज काही पाणी नव्हे

गोवा घटकराज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मुळगावात मी ब्लाउज-फ्रॉक शिवायची, नवरा खनिजाचा ट्रक चालवायचा. सात वर्षांच्या लेकीला रक्ताचा कॅन्सर झाला नि मी मशीनवर चादर घालून तिच्यासोबत हॉस्पिटलात मुक्काम ठोकला.

एका सकाळी तिच्या फ्रॉकची कंबर दाटली. मी आपली खूश, म्हटलं, पोरीनं अंग धरलं! डॉक्टरबाईंनी पोट दाबलं तर पोर कळवळली. कॅन्सरच्या औषधानं यकृतातल्या बारीक शिरा तुंबल्या होत्या, म्हणून पोटात पाणी साठत होतं. बाईंनी ते औषध थांबवलं, लघवी होण्याचं सुरू केलं आणि पाणी अगदी मोजून द्यायला सांगितलं. पाणी उतरलं नाही तर पोर हाती लागायची नाही, हेही लपवलं नाही.

मोजमाप म्हणजे माझा प्रांत! सकाळ-संध्याकाळ माझ्याच टेपनं पोट मोजायचं. नर्स टेप सैल धरते म्हणून मी तिच्याशी भांडलेसुद्धा. पाणी मी बाटलीच्या झाकणानं द्यायची. लेक कोरडी जीभ काढून दाखवायची, मी ढिम्म. तरी माप काही उतरेना. चौथ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. बाईंना सुनावलं, तुमच्या औषधातच दम नाही.

त्यांनी शांतपणे विचारलं, ही दिवसभरात काय काय घेते? मी झाकण दाखवलं. त्यांची नजर खाटेखालच्या डब्यावर गेली. डब्यात सकाळी अकराला घ्यायची तांदळाची पेज. जन्मात चुलीकडे न फिरकलेला माझा नवरा ती स्वतः रांधून, ट्रकवर जायच्या आधी रोज आणून द्यायचा. बाईंनी डबा उघडून तिरका केला. वर नुसतं पाणी, तळाला चार शितं.

"हे पाणी नव्हे?"

"पाणी कसं? पेज ती. जेवण!"

आमच्याकडे पेजेला कोणी पाण्यात धरत नाही. पण बोलले नि माझं मलाच ते खटकलं. चार दिवस मीच पोरीच्या पोटात पाणी ओतत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा! नर्सची माफी मागितली, बाईंपुढे तर मान वर होईना.

डबा बंद झाला. दोन दिवसांनी माप बोटभर उतरलं, मग रोज थोडं थोडं. फ्रॉक पुन्हा सैल झाला त्या दिवशी मी लेकीला विचारलं, पोट एवढं तडतडत होतं, तर पेज का संपवायचीस गो?

"बाबांनी केलेली ना," ती म्हणाली. "रिकामा डबा बघितला की ते हसायचे."