दुसऱ्या रिमोटमधला माइक

"हा माइक तोडूनच टाका, ताई. त्याचा काय उपयोग नाय," असं म्हणून सुनंदावहिनींनी जुना व्हिडिओ गेम माझ्या काउंटरवर ठेवला आणि त्याचा दुसरा रिमोट पुढे केला.

गेम लावला की टीव्हीतून सतत घूं घूं आवाज यायचा, ही त्यांची तक्रार. वहिनी शिरगावच्या. त्यांचे यजमान हरेश्वरभाऊ जहाजावर नोकरीला होते. जपानच्या एका फेरीत त्यांनी तो गेम आणला होता. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं आणि आवाज तर तोंडाशी कान नेला तरच ऐकू यायचा. दिवसभर घरी बसून डाव्या हाताने गेम खेळतात, असं वहिनी म्हणाल्या.

तारापूरच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते. म्हणजे मोजमापाची उपकरणं तपासायची आणि दुरुस्त करायची. रिटायर झाल्यावर बोईसरला हे रिपेअरिंगचं दुकान टाकलं.

रिमोट उघडला. या जुन्या गेममधली एक गंमत सांगते. दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटण नसतं. त्या जागी छोटा माइक आणि आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी असते. त्यात बोललं की आपला आवाज टीव्हीतून येतो. बनवणाऱ्यांनी हौसेनं दिला, पण तो वापरणारे गेम फारसे निघालेच नाहीत. लोक वर्षानुवर्षं खेळले, त्या माइककडे कुणी बघितलं नाही.

घूं घूं तिथूनच येत होती. माइकच्या वायरवर तारेची बारीक जाळी असते, तिला शील्ड म्हणतात. बाहेरचा नको तो आवाज ती अडवते. ती तुटली होती. खरा उपाय म्हणजे पूर्ण वायर बदलणं, त्यात अर्धा दिवस जातो. सोपा उपाय म्हणजे माइकच काढून टाकणं. मी माइक काढला, भंगाराच्या डब्यात टाकला. टीव्ही शांत झाला.

पाच दिवसांनी वहिनी परत आल्या.

"परत आवाज येतो का?" मी विचारलं.

"आवाज नाय येत. पन हे आता टीव्हीसमोर बसतच नाय. रिमोट घेतात आन् माझ्या तोंडापुढे धरतात. काय झालंय ते सांगता येत नाय त्यांना. तुमी एकदा घरी येऊन बघा."

रविवारी गेले. हरेश्वरभाऊ खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांनी रिमोट उचलला, तोंडाशी नेला आणि अंगठ्याने ती पट्टी सरकवली. त्यांचे ओठ हलले. टीव्हीतून काहीच आलं नाही. मग त्यांनी रिमोट माझ्याकडे केला.



"भाऊ, तुम्ही यात बोलायचात?"

त्यांनी होकाराची मान हलवली. खुर्चीच्या उशीखालून एक कागद काढून मला दिला. हॉस्पिटलमधल्या, बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी लिहून दिलेले सरावाचे शब्द होते. पाणी, पान, पापड, बाबा. घड्या पडून कागद फाटायला आला होता.

वहिनी कागदाकडे बघत राहिल्या. "मी म्हटलं हरवला. मी बोलायला बसवलं की हे तोंड फिरवायचे. मंग मी पण सोडून दिलं."

"तुम्ही दिवसभर कुठे असता?"

"सकाळपासून वाडीत. जेवायच्या वेळेला येते."

तेवढ्या वेळात हा माणूस एकटा टीव्हीसमोर बसून बोलायला शिकत होता. त्याचा तोळाभर आवाज टीव्हीतून खणखणीत येत होता. तो मी कापून टाकला होता.

"भाऊ, चूक माझी आहे," मी म्हटलं. "वहिनींनी सांगितलं हे खरं, पण मला ते सोपं वाटलं म्हणून मी केलं."

त्यांनी हाताने 'असू दे' केलं. पण माझ्याकडे बघितलं नाही.

गेम दुकानात घेऊन आले, पण भंगार तोवर उचलून नेलं होतं. जुन्या टेलिफोनचे तीन माइक बसवून बघितले. एक शिट्टी मारायचा, एक मुकाच. तिसरा जमला. शील्डची नवी वायर टाकली आणि चौथ्या दिवशी स्वतः शिरगावला गेले.

घूं घूं नव्हती. भाऊंनी पट्टी सरकवली. आधी टीव्हीतून नुसता श्वास आला. वहिनी बाजूलाच होत्या. भाऊ जरा थांबले. वहिनी उठून जातील म्हणून थांबले असावेत. त्या उठल्या नाहीत.

"पा... णी," टीव्ही म्हणाला.

वहिनी ताडकन उठल्या आणि तांब्या-भांडं घेऊन आल्या. तो कागदावरचा पहिला शब्द होता. भाऊंना तहान नव्हती. त्यांनी भांडं घेतलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

आता दोघं संध्याकाळी सोबत सराव करतात, असं वहिनी सांगतात. आवाज थोडा सुधारलाय. फोनवर अजून बोलता येत नाही.

मी त्यातून एवढंच शिकले की अमुक पार्टचा उपयोग नाही, हे तो वापरणाऱ्याच्या तोंडून ऐकावं. त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या घरी जावं.