पाण्याला वाट ठेवणारे बाळारामदादा

बाळारामदादांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका शेडमध्ये सिमेंटचे ब्लॉक पाडायला होते. दादा बदलापूरचे, उतारावरच्या घरांमागे माती अडवणाऱ्या भिंती बांधणारे. ब्लॉक बघायला आले, थप्पीतला एक उचलला, थापीच्या दांड्यानं वाजवला आणि कोपरा अंगठ्यानं घासला. वाळूची कच गळली.

"पानी किती दिवस मारलंस, बाय?"

"दोन दिवस. घ्यायचे तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा. मागे टेम्पो उभा आहे."

गिऱ्हाईक हातचं जातंय म्हणून शेडवाल्याचा चेहरा उतरला. दादा हसले. "हे माझ्या भिंतीत नाय चालणार. सात दिवस पानी मार. आठव्या दिवशी येतो."

आणि आठव्या दिवशी ते खरोखर आले. पुन्हा वाजवून बघितलं, सगळे ब्लॉक घेतले आणि जाताना म्हणाले, "भांडतेस चांगली. भिंतीला सूत लावायला शिकशील काय?" तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. आज त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांच्याबद्दल मोठी माणसं मोठं लिहितील. मी त्यांच्या भिंतींबद्दल लिहिते, कारण मला त्याच ठाऊक आहेत.

अंबरनाथ-बदलापूरकडे आता जो तो उतार कापून घर बांधतो. मागे मातीचा कडा उभा राहिला की मग भिंतवाल्याची आठवण होते. लोक मोबाइलवर फोटो दाखवतात, "दादा, डिट्टो अशीच पाहिजे." दादा फोटोकडे बघत नाहीत. आधी वर चढतात, सगळीकडून फिरतात आणि विचारतात, "वरच्या घराचं पानी कुठं जातं?" मालकाला बहुतेक वेळा माहीत नसतं. मग दादा सांगतात. कमरेएवढी माती असेल तर एकात एक बसणारे ब्लॉक, दर थर जरासा मातीकडे सरकवून. त्याहून उंच असेल तर पोकळ ब्लॉक, आत सळई आणि काँक्रीट. माती डोक्याच्या वर गेली तर हात जोडतात, "इंजिनिअर आणा, त्याच्या कागदाप्रमाणं बांधीन." बदलापूरच्या एका मास्तरांना मोठी उंच भिंत हवी होती. दादांनी त्यांना दोन बुटक्या भिंतींच्या पायऱ्या करायला लावल्या, आपलं काम निम्म्यावर आणून. मी त्यांना वेड्यात काढलं होतं. मास्तरांनी आता मधल्या पायरीवर मोगरा लावलाय.

काम सुरू करायची दादांची एक रीत आहे. जागेवर गेल्यावर सूत लावायच्या आधी कामावरच्या बायकांना लघवीला जायला चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा. एक मालक चिडले होते, "पहले लाइन तो मारो, ये तंबू बाद में." दादा शांतपणे म्हणाले, "आडोसा नाय तर काम नाय." इतकी वर्षं मी घमेली उचलली, दुसऱ्या कुठल्या ठेकेदाराला हे सुचलेलं मी पाहिलं नाही.

आता माझी चूक लिहिते. ती लिहिल्याशिवाय दादा कळायचे नाहीत.

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पलीकडे, उल्हासनगरहून आलेल्या एका सिंधी कुटुंबाच्या घरामागे आम्ही भिंत बांधली. मागे खडी भरली आणि खालच्या थरात पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली. भिंत झाल्यावर घरातल्या भाभी माझ्या मागे लागल्या, "अरे ताई, इस छेद से सारी मिट्टी मेरी टाइल पे आती है. बंद करो ना." दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. दादा गावी लग्नाला गेले होते आणि मला पुढच्या कामाला जायचं होतं. सिमेंट कालवलं आणि सगळी भोकं बुजवून टाकली. पाच मिनिटांचं काम.

मग चार दिवस पाऊस लागून राहिला आणि भाभींचा फोन आला, "ताई, दीवार का पेट निकला है."

भिंतीपासून तीन हातांवर त्यांची मागची खोली. तिथे त्यांच्या सासूबाई, अम्मा, खाटेवर. चालता न येणाऱ्या. दादा तोवर गावाहून परतले होते; पोहोचले ते थेट आत गेले. अम्मांना खाटेसकट उचलून पुढच्या खोलीत ठेवलं. मग बाहेर येऊन भिंत बघितली.

"भोकं कोनी बुजवली?"

आम्ही कामावरचे पाच जण उभे होतो. "मी," म्हटलं.

दादांनी हातानंच आम्हाला बाजूला केलं. "समोर कोनी थांबू नका," म्हणून पहार घेतली आणि कडेला उभं राहून एकेक भोक फोडलं. गढूळ पाणी पार अंगणाच्या टोकापर्यंत उडालं. भिंतीचं पोट वाढायचं थांबलं. तोवर मालक ओरडत आले, "किसकी गलती है? नाम बताओ, अभी निकालो उसको!"

माझं घर त्या कामावर चालत होतं. मी मान खाली घालून उभी राहिले.

"शेठ, भिंत माझी हाय," दादा म्हणाले. "चूक माझी. पाऊस उघडला की सगळी उतरवून नवीन बांधून देतो." आणि दिली. उतरवताना आणि चढवताना प्रत्येक ब्लॉक त्यांनी माझ्याच हातून जायला लावला. मला ते एकदाच बोलले, तेही घरी जाताना रिक्षात, "बाय, भोकं कशाला ठेवलीत ते भाभीला सांगायचं होतंस. ते पन पाच मिनिटांचंच काम होतं."

तेव्हापासून मी भिंत बांधायच्या आधी घरातल्या बाईला बोलावून सगळं समजावते. माझ्यासारख्या भांडखोर बाईला हे सोपं नाही.

गेल्या वर्षी दादांच्या स्वतःच्या घरामागची माती सुटली. गुडघ्यांमुळे त्यांना आता चढवत नाही. मुलानं बाहेरचा मोठा ठेकेदार बघून ठेवला होता. दादांनी माझं नाव घेतलं. मुलगा माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, ताईंनी एकदा भोकं बुजवली होती. ही आपल्या घरामागची भिंत आहे."

"म्हनून तर तिला द्यायची," दादा म्हणाले. "पानी काय करतं ते तिनं बघितलंय."

ती भिंत मी बांधली. यंदाचा सगळा पावसाळा दादांनी तिच्या बाजूच्या खोलीत काढला. दादा, असे पुष्कळ पावसाळे त्याच खोलीत निवांत झोपून काढा. गुडघ्यांना तेल लावत जा, गोळ्या चुकवू नका. आणि पाऊस वाढला म्हणून भिंत बघायला उठू नका. मी येऊन बघते.