बेळ्ळंदूरच्या लाल अळ्या

साठ सालच्या आसपास मी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. कारवारकडच्या किनाऱ्यावरून, खडकांतल्या गोड्या पाण्याच्या डबक्यांतून, चिलटांच्या अळ्या बाटल्या भरभरून यायच्या. ही चिलटं चावत नाहीत. अळ्यांची डोकी कॉस्टिक सोड्यात उकळायची, काचपट्टीवर ठेवायची आणि तोंडाखालच्या पट्टीवरचे दात मोजून जात ठरवायची, हे आमचं काम. माझ्या वरिष्ठ बाई पुण्याच्या, मितभाषी. मी बेळगावचा, त्यामुळे कानडी बोलायची वेळ आली की त्या मला पुढे करायच्या.

ताडून पाहायला इकडच्याही अळ्या हव्यात, म्हणून एका सकाळी आम्ही बेळ्ळंदूरच्या तलावावर गेलो. मी गुडघाभर चिखलात उभा राहून जाळीनं गाळ उपसत होतो. बाई काठावर बसून त्यातल्या लालभडक अळ्या चिमट्यानं वेचून बाटलीत टाकत होत्या. गावात तापाची साथ होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

सात-आठ माणसं आली. एकानं बाटली उचलून उन्हात धरली. "हे किडे तुम्ही पाण्यात सोडताय?"

"सोडत नाही, अण्णा, काढतोय," मी कानडीत म्हणालो. "हे चावणारे नव्हेत. तापाशी यांचा संबंध नाही."

त्यानं ती बाटली माझ्या तोंडावर मारली. ओठ फाटला. मागून कुणीतरी पाठीत लाकूड घातलं. मी चिखलात पडलो, एकाचा पाय मानेवर आला आणि नाकातोंडात गाळ गेला. बाई ओरडल्या नाहीत. त्या सरळ मधे शिरल्या आणि एक दगड त्यांच्या कपाळावर बसला. रक्त त्यांच्या डोळ्यात उतरताना दिसलं आणि माझं भान सुटलं. जाळीचा बांबू हाताला लागला. बाटली मारणाऱ्या त्या माणसाला मी खांद्यावर, कानशिलावर मारत सुटलो. तो खाली बसला, तरी मारत राहिलो. त्यानं हातसुद्धा वर केले नाहीत.

"पुरे," म्हणत बाईंनी बांबू धरला. "अहो, मरेल तो."

सगळे थबकले होते. एक म्हातारी पुढे आली, तिनं पदरानं त्याचं डोकं दाबून धरलं आणि मला म्हणाली, "परवा याची पोर तापानं गेली. आता यालाही ने."

बैलगाडीत घालून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. त्याला आणि बाईंना एकाच बाकावर बसवून टाके घातले. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घसरून पडलो." मीही गप्प राहिलो. परतताना बाईंनी विचारलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

महिन्याभरानं मी एकटाच त्याच्या घरी गेलो. तो दारात बसला होता. उजव्या कानानं त्याला आता ऐकू येत नव्हतं. मी समोर उभा राहून माफी मागितली. त्यानं डावा कान माझ्याकडे केला.

"जरा मोठ्यानं बोल," तो म्हणाला.

तेच शब्द मोठ्यानं म्हणायला माझा आवाज फुटेना.