तक्रार नसलेले डोळे

आर्वीहून मी निघाले तेव्हा दादाने मालकाची जीप मागून आणली होती. तो तेव्हा ट्रॅव्हल्सच्या गाडीवर क्लीनर होता, ड्रायव्हर अजून व्हायचा होता. नागपूर स्टेशनपर्यंत आई सोडायला आली. वाटभर ती मागच्या सीटवर माझ्या सुटकेसवर हात ठेवून बसली होती. रडली नाही. बाबा मी शाळेत असतानाच गेले, आणि अंगणवाडीच्या पगारावर तिने आम्हा दोघांना वाढवलं. रडण्याची सवय तिला राहिली नव्हती. गाडी हलायच्या आधी खिडकीच्या गजांतून ती एवढंच म्हणाली, "डोळ्यांत तेल घालून राहाय बाई. दिल्ली हाय ते." दादा मागे उभा होता. त्याने फक्त मान हलवली.

तुमच्यापैकी जे आर्वीतच राहिले त्यांना वाटत असेल की इथे आल्यावर माणूस बदलून जातो. जे माझ्यासारखे इथे आले त्यांना माहीत आहे की माणूस बदलत नाही, थकतो. नोएडात माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका ग्राहकाची तक्रार येण्याआधी शोधायच्या. नवरा अमोल दिल्लीतच वाढला. त्याचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, बालपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. त्यामुळे त्याचं मराठी अर्ध्या वाक्यात 'यार' म्हणून थांबतं. आमची मुलगी मैत्रेयी तर पूर्ण इथली. तिला 'उंबरठा' म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहते.

नोकरी लागली तेव्हा ऑफिसच्या आरोग्य विम्यात मी आईचं नाव घातलं. तिला कार्ड पाठवलं. तिने ते प्लास्टिकमध्ये मढवून घेतलं आणि अंगणवाडीतल्या बायकांना दाखवलं. "माह्या पोरीनं दिल्लीहून कार्ड धाडलं," ती सांगायची. आमच्या घरात विमा ही गोष्टच नव्हती. डोळ्यांचा डॉक्टरही नव्हता. जवळचं वाचता येईना तेव्हा आईने आठवडी बाजारात जमिनीवर मांडलेल्या चष्म्यांतले एकेक लावून पाहिले, ज्यातून पोथीतली अक्षरं दिसली तो घेतला. आमच्याकडे सगळे तसंच करत. दुखत नाही, खुपत नाही, मग दाखवायचं कशाला?

ती रिटायर झाली आणि मैत्रेयीच्या पाळणाघराची ताई सोडून गेली, हे एकाच सुमारास झालं. आई नोएडाला आली. मैत्रेयीला आजी मिळाली, मला संध्याकाळी घरी आल्यावर गरम वरण मिळू लागलं. दोघींची भांडणंही सुरू झाली. आमच्या वऱ्हाडाकडे बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणतात. मैत्रेयी तिला सुधारायची, "आजी, करते बोलो ना." आई म्हणायची, "मी करतो. तू कर कर-ते."

मग मैत्रेयीला एक खेळ सापडला. जेवताना ती आजीच्या डाव्या बाजूने यायची आणि ताटातला पापड उचलून पळायची. आजीला कळायचंच नाही. ती ताटाकडे बघून म्हणायची, "पापड वाढला होता ना गं?" आम्ही सगळे हसायचो. एका रविवारी मैत्रेयी हसत मला म्हणाली, "मम्मा, आजी को इस साइड से पता ही नहीं चलता. उस साइड से पकड़ लेती है."

माझं हसू तिथेच थांबलं. आई आल्यापासून कपाटाच्या उघड्या दाराला धडकत होती. सोसायटीच्या गेटपाशी डावीकडून ई-रिक्षा आली तेव्हा वॉचमनने तिला मागे ओढलं होतं. प्रत्येक वेळी आम्ही म्हणालो, नवी जागा आहे, सवय नाही. मी तिला दवाखान्यात जाऊ म्हटलं तर तिने हात झटकला. "मले दिसते ना चांगलं. सुईत दोरा ओवून दाखवू?" आणि खरंच तिने ओवून दाखवला.

दवाखान्यात जायच्या आधी मी विम्याच्या हेल्पलाइनला फोन केला. इथे राहून ही सवय लागते. आजार नंतर, आधी फोन.

"पेशंट ॲडमिट है, मॅडम?" पलीकडच्या मुलाने विचारलं.

"नहीं. आँखों की जाँच करानी है."

"आँखों में कोई कम्प्लेंट है?"

"उनको कोई कम्प्लेंट नहीं है. वही तो दिखाना है."

तो उद्धट नव्हता बिचारा. "मॅडम, रूटीन जाँच कवर नहीं होती. ऑपरेशन लगे तो बताइएगा, वो कवर है."

ऑफिसात हेमा मॅडमना विचारलं. त्या एचआरमध्ये विम्याचं बघतात. त्यांनी पण तेच सांगितलं, जरा हळू आवाजात. मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर सगळं होईल. नुसतं बघायला गेलात तर काही नाही. त्या म्हणाल्या, "इन्शुरन्स बीमारी का होता है प्रज्ञा, शक का नहीं." मला राग आला नाही. राग यायला ताकद लागते. मी सुट्टी टाकली आणि आईला दिल्लीच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

दिवस गेला तिथे. डोळ्याचा दाब मोजला, थेंब टाकून बाहुली मोठी केली, मग एका अंधाऱ्या खोलीत मशीनपुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं, आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी आईच्या मागे उभी होते. डाव्या डोळ्याची पाळी आली. ठिपके चमकत असणार, आईचा अंगठा हलत नव्हता. बराच वेळ गेल्यावर ती मला म्हणाली, "बाई, हे मशीन बंद पडलं काय?"

डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने सरळ सांगितलं: काचबिंदू. डोळ्यातला दाब आतली नस हळूहळू मारतो. दुखत नाही, कडेची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसतं. म्हणून सुईत दोरा ओवता येतो आणि रिक्षा दिसत नाही. डावा डोळा बहुतेक गेला होता. उजव्यात बरंच उरलं होतं. गेलेलं परत येत नाही. रोज थेंब टाकले तर उरलेलं बहुतेक टिकतं.

"मग आधी का नाही समजलं मले?" आईने विचारलं. मी ते डॉक्टरला हिंदीत सांगितलं. डॉक्टर म्हणाली की हा आजार माणसाला कळत नाही, तपासणाऱ्याला कळतो. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आप कितने भाई-बहन हैं?"

हा रक्तातून येणारा आजार आहे. माझी तपासणी तिथेच झाली. डोळे चांगले निघाले, पण दरवर्षी यायचं. दादा उरला होता.

दादा एव्हाना ड्रायव्हर होऊन बरीच वर्षं झाली होती. नागपूर-पुण्याची गाडी, रात्रभर. मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले काही त्रास नाही."

"आईलाही नव्हता, दादा."

"तपासलं अन् काही निघालं तर? स्टिअरिंग कोण देईल मले? पोरं शिकून राहिली माही." मग तो म्हणाला, "नाही तपासलं तर काही नाही निघत."

त्यानंतर तो माझे फोन उचलेना. त्याला चूक तरी कसं म्हणू? विमा विचारत होता, तक्रार कुठे आहे. तोही तेच म्हणत होता. आणि माझ्या कार्डावर कुटुंब म्हणून नवरा होता, मुलगी होती, आई होती. भावाला कुटुंबात धरत नाहीत. मी हेमा मॅडमना विचारूनसुद्धा पाहिलं. त्या नुसत्या हसल्या, वाईट वाटून.

उन्हाळा सुरू झाला आणि आईला परत जायची घाई झाली. बंद खिडक्या, कूलरचा आवाज तिला सोसेना. दादा न्यायला आला. तो आला त्या सकाळी मी थेंबांची बाटली घेऊन आईसमोर बसले तर तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"आई, उघड."

"नाही उघडत. आधी त्याले त्या मशीनीत बसव. मंग मी थेंब टाकतो."

दादा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "काहून लहान पोरासारखी करतेस?"

"तुह्या गाडीत माणसं झोपून राहतात," आई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "तुह्या भरोशावर झोपतात ना? माही अर्धी नजर गेली, मले पत्ता नाही लागला. तुले कोण सांगन?"

"बंद कर ते नाटक."

"मी काय बंद करू. डोळे तर बंदच हायेत."

ती दुपारपर्यंत तशीच बसली. जेवलीसुद्धा चाचपडत, डोळे मिटून. मैत्रेयी घाबरून कोपऱ्यात जाऊन बसली. अमोल दोनदा मध्ये पडायला गेला आणि दोनदा परत फिरला. शेवटी दादाने पायात चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाल. कुठं हाय तुहा दवाखाना?"

त्याच्या उजव्या डोळ्यात सुरुवात झाली होती. कडेचा एक छोटा तुकडा गेला होता. डॉक्टर म्हणाली, वेळेवर आलात, थेंबांनी सांभाळता येईल. पण रात्रीची गाडी आता नको. मी दादाला मराठीत सांगायला वळले, तर तो म्हणाला, "समजलं मले. हिंदी येते."

मेट्रोत तो दारापाशी उभा राहिला, जागा होती तरी बसला नाही. नोएडा जवळ आल्यावर बाहेर बघतच बोलला, "दोनेक वर्षांपासून गाडीचा बाजूचा आरसा पाहाले पूर्ण मान वळवा लागते. मले वाटे मान आखडली."

मी त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याने तो ठेवू दिला.

त्या संध्याकाळी आईने डोळे उघडले आणि दोघांनी एकाच बाटलीतले थेंब टाकून घेतले. डॉक्टरने बाटल्या वेगळ्या ठेवा म्हटलं होतं. मी सांगितलं तर आई म्हणाली, "आजच्या दिवस राहू दे."

दादाने मालकाला स्वतःच जाऊन सांगितलं. मालक भला निघाला, त्याने आर्वीच्या बुकिंग ऑफिसात खुर्ची दिली. दादा तिकिटं फाडतो, गाड्या सोडतो, आणि आपण ज्या गाडीवर होतो ती दुसऱ्याच्या हातात जाताना रोज पाहतो. कितीतरी महिने तो माझ्याशी धड बोलला नाही. वहिनी म्हणायची, तुमचा राग नाही ताई, त्यांना करमत नाही. मी इकडे ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधत असे आणि मध्येच वाटे, सापडलेल्या चुकीचं पुढे काय होतं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

विम्याच्या नूतनीकरणाची मीटिंग आली तेव्हा मी हात वर केला. आजवर कधी केला नव्हता. आईचं सांगितलं, दादाचं सांगितलं, वर्षातून एकदा डोळ्यांची पूर्ण तपासणी पॉलिसीत घाला म्हटलं. लोक घड्याळं बघत होते. हेमा मॅडमनी मात्र ते लिहून घेतलं आणि नंतर वरच्यांच्या मागे लागल्या. यंदापासून कर्मचाऱ्यांना ती तपासणी मिळते. आईवडिलांना नाही. भावाबहिणींचा तर प्रश्नच नाही. माझ्या टीममधला एक मुलगा जाऊन आला आणि कुरकुरला, "पूरा दिन धुंधला दिखा यार, और निकला कुछ नहीं." मला किती बरं वाटलं ते त्याला कळलं नसेल.

आर्वीहून आता दादाचा फोन येतो. पूर्वी घरून फोन आला की पहिला प्रश्न असायचा, कधी येतेस. आता तो विचारतो, "दाखवले का डोळे?" मग आईला थेंब टाकल्याचं सांगतो, स्वतःचं सांगत नाही. मी विचारते. तो "हो" म्हणतो, जरा वैतागून. थेंब तो टाकतो हे मला वहिनीकडून कळतं.

मधल्या काळात खूप वेळा मनात आलं की आपलं घर नेमकं कुठे राहिलं. आर्वीला गेले की चार दिवसांत पाहुणी होते. इथे इतकी वर्षं काढून शेजारच्या फ्लॅटमधल्यांची नावं दारावरच्या पाटीवरून माहीत. या प्रश्नाचा विचार करायलाही हल्ली कंटाळा येतो.

गेल्या महिन्यात माझी वार्षिक तपासणी झाली. तीच डॉक्टर होती. हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून मी बसले, तिने दिवा माझ्या डोळ्यात सोडला. इतक्या जवळून की तिचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ ती आत बघत राहिली. मग बघता बघताच तिने विचारलं, "मम्मी ड्रॉप डाल रही हैं? भैया कैसे हैं?"

या शहरात माझ्या माणसांबद्दल असं कुणी विचारत नाही. ती माझ्या डोळ्यात बघत होती आणि तिला तिथे ते दोघं दिसत होते, आर्वीच्या घरातले. मला तिथून मान हलवावीशी वाटेना.

"ठीक हैं," मी म्हटलं. "दोनों ठीक हैं."